विलोपन : पाच गुण

सकाळी सात वीसचा तास.
पटावर एकवीस, त्यातली सहा अजून कवलापूरच्या एसटीत.
फळ्यावर मी कुत्रा काढते.
दरवर्षी काढते, दरवर्षी तो शेळीसारखा दिसतो.
शेजारी घंटा, शेजारी वाटी,
आणि जिभेवरून गळणारी तीन टिंबं.

अभिजात अभिसंधान, मी म्हणते,
लिहून घ्या, हमखास येतं.
पेनं चालतात. डोळे चालत नाहीत.
सांगलीहून रशिया फार लांब आहे
आणि हा कुत्रा कुणाच्याच गल्लीतला नाही.

मग पुस्तक मिटून विचारते,
तुमची घंटा कुठली?

मागून कुणीतरी : कॉलेजची!
मग शमा मुलाणी म्हणाली,
मार्केट यार्डाचा कोपरा वळायच्या आधीच मला शिंक येते,
हळद अजून दिसतसुद्धा नसते.
बुधगावचा पोरगा म्हणाला,
कारखान्याचा भोंगा बंद होऊन तीन गळीत झाले,
तरी चारच्या ठोक्याला आई डबा भरते.
वडील समोरच बसलेले असतात.

सुकुमार मगदूम खिडकीशी बसतो, कधी बोलत नाही.
तो म्हणाला, घंटागाडी.

वर्ग फुटला.
त्यानं हसू संपू दिलं.
कचऱ्याच्या गाडीवरचा कर्णा, मॅडम,
गाणं लागायच्या आधी खर्र करतो ना,
तेवढंच.
त्या वर्षी त्याच कर्ण्यातून सांगत होते,
आयर्विन पुलापाशी चाळीस फूट.
मग त्रेचाळीस.
मग आकडा नाहीच, नुसतं, बाहेर पडा.
आता खर्र झालं की
माझे हात आपोआप वर जातात, माळ्याकडं.
हातात काही नसतं.

कुणी लिहून घेतलं नाही.

गडबडले की करते तेच मी केलं,
पुढचा मुद्दा घेतला.
गरजांची उतरंड. त्रिकोण. तळाशी अन्न, पाणी, निवारा,
टोकाला आत्मवास्तविकीकरण,
जो शब्द मलाही एका दमात येत नाही.
माधुरी कुंभारनं हात वर केला.
मॅडम, तळाचं मडकं भरलेलं लागतं.
घरात पाणी शिरलं की भरलेलं जागेवर राहतं,
रिकामं तरंगतं
आणि वरची सगळी घेऊन जातं.
आमच्यात बघितलंय.

त्रिकोण पुसला.
दहा मिनिटं उरली होती, विलोपन घेतलं.
घंटा वाजत राहिली आणि वाटी आलीच नाही
तर लाळ हळूहळू थांबते.
थांबते म्हणजे पुसली जाते का?
हे सुकुमारनं विचारलं नाही.
मीच विचारलं आणि मीच सांगितलं, नाही.
पुस्तकात खाली एक ओळ आहे, बारीक टायपात :
उत्स्फूर्त पुनःप्राप्ती.

खोली क्रमांक अकराला
संस्थेनं दोनदा ऑइलपेंट लावला.
ओल गेली.
रेघ आहे, माझ्या खांद्याला लागते.
हजेरी घेताना मी तिच्याकडं पाठ करून उभी राहते,
हे मला त्या दिवशी कळलं.

घटक चाचणीचे पेपर रविवारी तपासले.
प्रश्न तिसरा, ब : विलोपन म्हणजे काय? उदाहरणासह स्पष्ट करा.
सुकुमारनं रशियाच लिहिला.
घंटा, वाटी, लाळ, व्याख्या शब्दाला शब्द,
आणि त्याचा कुत्रा
कुत्र्यासारखा होता.
कर्ण्याचं नाव नाही.
लाल पेन समासापर्यंत नेलं,
थोडा वेळ तिथंच धरलं,
मग पाचपैकी पाच.

गठ्ठा बांधला, कपाट उघडलं,
स्टुलावर चढून वर ठेवला.
खालचे दोन कप्पे
मी रिकामेच ठेवते.